रशियाकाका

देवगड तालुक्यात जग पाहिलेल्या माणसांचा तुटवडा नाही. हापूसने नाव काढायच्या आधी आमच्याकडचा कर्ता माणूस एकतर मुंबईला गिरणीत असायचा, नाहीतर बोटीवर. गिरणीवाले सुट्टीत येऊन मुंबई सांगायचे. बोटीवाले निवृत्त होऊन आले, की मरेपर्यंत जग सांगायचे. त्यामुळे प्रत्येक वाडीत एक दुबईवाला, एक जपानवाला आणि एखादा ‘आफ्रिकेक जावन इलेलो’ असतोच. दुसऱ्याच्या देशाबद्दल तोंड उघडायचं नाही, हा या मंडळींचा अलिखित नियम. रापणीच्या हद्दीवरून भांडणं होतील, पण जपानवाला दुबईबद्दल अवाक्षर काढणार नाही.

आमच्या वाडीच्या वाट्याला रशिया आला. तो आणला रशियाकाकांनी.

काका नौदलात होते. सोव्हिएत युनियनने भारताला राजपूत जातीच्या पाच विनाशिका बांधून दिल्या. त्यातली पहिली 1980 साली ताफ्यात आली. नवी बोट ताब्यात घ्यायची तर ती चालवणारी माणसं आधी तिकडे जाऊन शिकायला हवीत, म्हणून खलाशांच्या तुकड्या पाठवल्या गेल्या. त्यातल्या एकीत विशी-बाविशीतले काका होते. बोट कुठली, हे काका सांगत नाहीत. “गोपनीय आसा,” म्हणतात. मात्र पडवीत, गणपतीच्या फोटोशेजारी, बोटीचं लाकडी मानचिन्ह टांगलेलं आहे आणि त्यावर पितळी अक्षरांत ‘रणजित’ असं लिहिलेलं आहे. दर दसऱ्याला काकी ती अक्षरं चिंचेने घासून लख्ख करतात. रणजित 15 सप्टेंबर 1983 रोजी पोती बंदरात नौदलात दाखल झाली आणि छत्तीस वर्षं चाकरी करून 6 मे 2019 रोजी विशाखापट्टणमला निवृत्तही झाली. हे सगळं वर्तमानपत्रात छापून आलं. बोट मोडीत निघाली, गोपनीयता शाबूत आहे.

काकांचा रशिया बाकीच्यांनी ऐकलेल्या रशियापेक्षा निराळाच होता. शाळेत आम्ही भूगोलात सैबेरिया, टुंड्रा आणि बर्फ शिकून यायचो. पडवीत काका सांगायचे, “खंयचो बर्फ? माका स्वेटर लागलो नाय. पाऊस आपल्यासारखो. धो धो!” त्यांच्या रशियात चहाचे मळे होते, संत्र्या-लिंबांच्या बागा होत्या, अंगणात द्राक्षांचे मांडव होते. माणसं काळ्या केसांची, मोठ्या मिशांची. जेवताना दर पेल्यामागे कोणीतरी उठून भाषण करायचं. पोळीत चीज भरून वर अंडं फोडून द्यायचे. भूगोलाच्या मास्तरांनी एकदा याबद्दल हळूच विचारलं, तर काकांनी त्यांना थेट प्रश्न केला, “तुमी गेललास?” मास्तर कणकवलीच्या पलीकडे फारसे गेले नव्हते. विषय तिथेच मिटला.

मला वाटतं, ‘तुमी गेललास?’ हा या जमातीचा हुकमी एक्का. पुस्तकं, नकाशे, बातम्या सगळं त्यापुढे पालथं पडतं.

सहलीचं खूळ शिरलं ते 2023च्या डिसेंबरात. त्या वर्षीचा नौदल दिन आपल्या जिल्ह्यात, मालवणजवळ तारकर्लीला साजरा झाला. काका छातीवर पदकं लावून गेले, किनाऱ्यावरून बोटी पाहिल्या, विमानं पाहिली आणि परत आले ते एकच धरून बसले: मरायच्या आधी बायकोला, मुलासुनेला आणि नातवाला आपला रशिया दाखवायचा. मुलगा पुण्यात आयटीत. त्याने चौकशी केली. ई-व्हिसा घरबसल्या मिळत होता, खर्च झेपणारा होता. अडचण फक्त काकींची होती. त्या म्हणाल्या, “आंबे आवारल्याशिवाय मी खंय येवचंय नाय.” म्हणजे जूनचा पहिला आठवडा. शेवटची पेटी भरून झाली, मृगाचा पाऊस पडला, आणि मंडळी निघाली. इंग्रजी बोलायला आणि बॅगा उचलायला पुतण्या हवा, म्हणून मीही.

निघायच्या आधीच एक घोळ झाला होता. सहलीचं वेळापत्रक आलं. मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग. काकांनी ते चष्मा लावून, चष्मा काढून, उलटसुलट करून पाहिलं.

“ह्यात पोती खंय आसा?”

नातवाने मोबाइल काढला. या पिढीला ‘तुमी गेललास?’ लागू पडत नाही. “आजोबा, पोती जॉर्जियात आहे. वेगळा देश, वेगळा व्हिसा.”

“बरा. मग निकोलायेव?” रणजित जिथे बांधली गेली ते गाव.

“ते युक्रेनमध्ये.”

पडवीत शांतता पसरली. ज्या देशाच्या जोरावर काकांनी चाळीस वर्षं वाडीवर राज्य केलं, त्या देशातलं त्यांनी पाहिलेलं एकही गाव त्या देशात उरलेलं नव्हतं. दुसरा कोणी असता तर खचला असता. काकांनी पान लावलं आणि शांतपणे म्हणाले, “बघा. मी थंयसून इलंय आणि आठ वर्सांत तेंचा सगळा मोडला.”

1991 साली सोव्हिएत युनियन का फुटलं, यावर जगभर ग्रंथ लिहिले गेले आहेत. हे कारण त्यांपैकी कशात आलं असेल असं वाटत नाही.

“मग मॉस्को तरी पाहिलेलं आहे ना?” सूनबाईंनी सावरून घेत विचारलं.

“बघल्याशिवाय? विमान थंयच बदलला.”

तरीही वाटाड्या तेच. कपड्यांचा निर्णय त्यांचा: स्वेटर नको. पैशांचा सल्लाही त्यांचा: “कार्डा-बिर्डा थंय चालणत नाय. रोकड घेवा.” मुलगा गालातल्या गालात हसला आणि तीन बँकांची कार्डं घेऊन निघाला. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोन्ही कंपन्यांनी मार्च 2022 पासून रशियातला कारभार थांबवलाय, हे मॉस्कोला पहिल्याच दुकानात कळलं. काकांचं म्हणणं खरं ठरलं. त्यांचं ज्ञान 1983 सालचं होतं, आणि जगच फिरून त्यांच्या ज्ञानापाशी आलं होतं. काकींनी ब्लाउजच्या आतल्या पिशवीतून डॉलर काढून दिले. पुढची सगळी सहल कुटुंबप्रमुखाचा मान कोणाकडे होता, हे सांगायला नको.

काकांचं रशियन ऐकायला आम्ही अर्थातच उत्सुक होतो. पडवीत ते सर्रास चालायचं. मॉस्कोत त्यांनी पहिल्या दुकानदार बाईला छाती पुढे काढून म्हटलं, “गामार्जोबा!” बाई बघत राहिली. पाणी घेतल्यावर, “मादलोबा!” बाईने मागच्या बाईकडे बघितलं. मेट्रोच्या तिकीट खिडकीवर, लाल चौकातल्या पोलिसाला, क्रेमलिनच्या दारावर, सगळीकडे गामार्जोबा. कोणी हसलं नाही, रागावलं नाही. एखादा परदेशी पाहुणा दादरला उतरून सगळ्यांना ‘वणक्कम’ म्हणू लागला तर आपण जसे बघू, तसे ते बघत होते. “तरणी पोरां,” काका म्हणाले, “तेंका शुद्ध रशियन येणा नाय.”

बाकी मॉस्कोत काकींचंच जास्त जमलं. मेट्रोत शहराच्या मध्याकडे जाताना स्टेशनांची नावं पुरुष सांगतो आणि बाहेर जाताना बाई, असं मी वाचलेलं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, “घराक जाताना बायलमाणसाचो आवाज. बरोबर आसा.” क्रांती चौकाच्या स्टेशनात ब्राँझचा कुत्रा आहे. येणारा जाणारा नशिबासाठी त्याच्या नाकाला हात लावतो, त्यामुळे नाक सोन्यासारखं चकचकीत झालंय. काकींनी नाकाला हात लावून तो डोळ्यांना लावला आणि मनातल्या मनात कुणकेश्वराची क्षमाही मागितली.

परकीय साहित्याच्या ग्रंथालयात अण्णाभाऊ साठ्यांचा पुतळा आहे, 2022च्या सप्टेंबरात बसवलेला. तिथे काकांनी कडक सलाम ठोकला, पण त्यांच्या चेहऱ्यावर थोडी चढाओढही दिसली. अण्णाभाऊ 1961 साली रशियाला गेले आणि परत येऊन ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहून मोकळे झाले. काकांनी पुस्तक लिहिलं नाही. म्हणून आम्ही अजून ऐकतो आहोत.

पीटर्सबर्गला स्वेटरचा निकाल लागला. जून महिना, पण नेवा नदीवरून रात्री जो वारा सुटतो, त्याला आपल्याकडे पौषातसुद्धा तोड नाही. सूनबाईंनी दोन ओढण्या गुंडाळल्या. नातू हॉटेलचा टॉवेल पांघरून बसला. काका हाफशर्टात, दात वाजत असताना म्हणत होते, “गारवो बरो आसा.” त्यात त्या दिवसांत तिथे रात्र म्हणून होतच नाही. अकरा वाजले तरी उजेड. काकी खिडकीशी बसून राहिल्या. “तिनीसांज होयत कधी? दिवो लावचो कधी?” बारा वाजता त्यांनी ठरवलं की इथल्या देवांची सोय वेगळी असेल, आणि झोपल्या.

अरोरा नावाची जुनी युद्धनौका तिथे नदीत कायमची नांगरलेली आहे. 1917च्या क्रांतीच्या रात्री तिने तोफेचा पोकळ बार काढला, तीच ही. बाकीचे पर्यटक तोफेशी फोटो काढत होते. काका मात्र डेकवरच्या एका पितळी कडीशी वाकले, बोट फिरवलं, बोट उजेडात धरून बघितलं आणि मान डोलावली. मग दोराची वेटोळी बघितली. एकही शब्द बोलले नाहीत. पुढचा अर्धा तास ते रेलिंग, पुल्या, कप्प्या, शिडीच्या पायऱ्या तपासत फिरले. पहारेकरी संशयाने मागे आला, तर काकांनी आपल्या तळहाताकडे आणि मग त्या कडीकडे बोट दाखवून अंगठा उंचावला. पहारेकऱ्याला काय समजायचं ते समजलं असावं. तो सावधान उभा राहिला. रशियात काकांना पूर्णपणे समजलेली एवढी एकच जागा, आणि तिथे त्यांनी भाषण केलं नाही, हे नमूद करायला हवं.

शेवटच्या संध्याकाळी मॉस्कोत परत आल्यावर नातवाने कुठूनतरी शोधून काढलेल्या खानावळीत गेलो. दारातून आत शिरता शिरता काकांनी सवयीने, आता जरा थकलेल्या आवाजात, “गामार्जोबा” म्हटलं.

गल्ल्यावरचा मिशाळ म्हातारा ताडकन उठला. “गामार्जोबा!” असं ओरडत धावून आला आणि त्याने काकांना मिठीच मारली. खानावळ जॉर्जियन होती. काका शिकून आले होते ती भाषाही जॉर्जियन. काका “पोती, पोती” म्हणत छातीवर हात मारू लागले, म्हातारा काहीतरी दुसरं गाव सांगत छातीवर हात मारू लागला. पाच मिनिटांत टेबलावर चीज भरलेली, वर अंडं फोडलेली पोळी आली. द्राक्षाची दारू आली. म्हातारा पेला घेऊन उभा राहिला आणि भाषणाला लागला. लांबलचक. संपलं तेव्हा काका उठले आणि मालवणीत तेवढंच लांब भाषण ठोकलं. परत तो, परत काका. चाळीस वर्षं पडवीत आम्ही ज्याला थापा समजत होतो, ते सगळं समोर ताटात वाढलेलं होतं: मिशा, पोळी, पेल्यामागचं भाषण. मुलगा बापाकडे बघत राहिला. भूगोलाच्या मास्तरांचं काय करायचं, हा प्रश्न माझ्या मनात आला.

खारवून वाळवलेला एक मासा रशियन लोक बिअरबरोबर खातात. काकींनी तो बाजारात पिशवीभर घेतला होता. त्यातला एक त्यांनी म्हाताऱ्याला भेट दिला आणि सगळ्यांदेखत परीक्षा केली: “मीठ बरा आसा, ऊन कमी पडला. तेंका मेल्यांका ऊन खंय मिळतला?”

परत आल्यावर भात लावणीला आलेला. पडवीत पहिल्यासारखी माणसं जमली, पण खुर्च्या सरकल्या होत्या त्या काकींच्या बाजूला. बाजारातल्या बाया सुक्या मासळीचा भाव विचारत होत्या, पोरी मेट्रोतल्या कुत्र्याबद्दल, आणि थंडी किती, हेही काकींनाच. “थंडी? मरणाची!” काकी म्हणाल्या. “आणि रात होणाच नाय. ह्येंनी आयुष्यभर काय सांगल्यानी, देवाक म्हायत.”

काका झोपाळ्यावर सुपारी कातरत बसले होते. कोणीतरी गमतीने विचारलं, “काय काका, काकी काय सांगतत? खरा?”

“सांगूंदे,” काका म्हणाले. “तिना मॉस्को बघल्यान. रशिया बघूचो तर जॉर्जियाक जावक व्हया.”