तराई बंद

जामुलात आमच्या गल्लीतल्या काकांनी उभी हयात सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा स्लॅग इथे येतो आणि त्याचं सिमेंट होतं. काकांचं काम त्या सिमेंटचे ठोकळे पाण्यात ठेवायचे आणि 3, 7 नि 28 दिवसांनी दाबून फोडायचे. गल्लीत कुणी साधा ओटा बांधला तरी काका न बोलावता हजर. "स्लॅगचं सिमेंट आहे बापा, तराई सोडू नका. पाणी मारत राहा!"

निवृत्त झाल्यावर तेच काका "पाणी बंद करा" म्हणत हिंडू लागले. कारण आता त्यांनी लोकांच्या लोंबत्या कुंड्या हाती घेतल्या आहेत: मोत्यांची माळ, गाढवाची शेपटी, हृदयाच्या पानांची वेल. आषाढ लागला, हवा ओली झाली, की काकांचा सीझन सुरू.

शेजारी कुणी वारलं तेव्हा काका भेटायला गेले. सतरंजीवर बसले, नजर मात्र खिडकीच्या ग्रिलवर. बऱ्याच वेळाने हळू आवाजात विचारलं, "केव्हापासून?"

"परवा पहाटे," मुलगा डोळे पुसत म्हणाला.

"तसं नाही. हे पिवळं केव्हापासून पडून राहिलं?"

कुंडी त्याच संध्याकाळी काकांच्या ओट्यावर आली.

त्यांच्या निदानात दम आहे, हे कबूल करायला हवं. मोती सुरकुतले की आपण म्हणतो तहान लागली, आणि तांब्या ओततो. पण मुळं कुजली तरी मोती तसेच सुरकुततात, कारण कुजलेलं मूळ पाणी पिणार कसं? म्हणून काका आधी बोट मातीत खुपसतात. माती कोरडी असेल तर रुग्ण तहानलेला. ओली असून मणी लुळे असतील तर घरधनिणीची उलटतपासणी.

"वहिनी, पाणी किती देता?"

"रोज. थोडंसंच."

"रोज! अन् माती?"

"शेतातली आणली होती. चांगली काळी."

काका कपाळाला हात लावतात. काळी म्हणजे कन्हार. धानाला सोनं, पण या झाडांना पाणी धरून मारणारी. त्यांना पाहिजे भाठ्याची लाल, खड्याखड्यांची माती. तिच्यात शिवनाथ नदीची वाळू निम्मी. तीही चाळून, बारीक फेकायची, जाडी ठेवायची. काळी, मऊ मुळं कात्रीने छाटून झाड दोन दिवस सावलीत वर्तमानपत्रावर निजवायचं, मग पसरट मातीच्या कुंडीत. मुळं उरलीच नसतील तर वेलीचं वेटोळं मातीवर नुसतं टेकवायचं; पेरापेराला नवी फुटतात. आणि आठवडाभर तराई बंद. कुंडीवर चिठ्ठी लागते, तारखा अर्थात तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवसाच्या. त्याआधी निकाल विचारणाऱ्याला काका उत्तर देत नाहीत.

गाढवाची शेपटी स्कूटरवरून आणताना निम्मी पानं रस्त्यात गळतात. काका परत जाऊन ती वेचतात, कारण एकेका पानातून नवं रोप निघतं. काकू म्हणतात, "माहेरून आणलेले माझे लाडू सांडले तेव्हा हे वाकले नव्हते."

अडचण एकच. झाड बरं झालं की काकांचा जीव त्यातून उडतो. टवटवीत कुंडी त्यांच्या ओट्यावर दोन दिवस टिकत नाही, मालकाला निरोप जातो, "घेऊन जा, उगाच जागा अडवून राहिली." आमची हृदयाची वेल त्यांनीच वाचवली. आपल्या सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांची ही दक्षिण आफ्रिकेतली भावकी. यंदा तिला जांभळट, कंदिलासारखी फुलं आली, म्हणून काकांना मुद्दाम चहाला बोलावलं. त्यांनी वेलीकडे एकदा पाहिलं.

"बरं आहे," म्हणाले, आणि बशीत चहा ओतला.

मग नजर मागच्या अंगणात गेली आणि बशी तशीच खाली ठेवली.

"हा कढीपत्ता काहून मान टाकून राहिला, हो?" चेहरा असा फुलला होता, की आमच्या वेलीला हेवा वाटावा.