डबा भरू का?

गेले तीन महिने आमच्या घरात सकाळी एकच प्रश्न असतो : "डबा भरू का?" विचारते बायको, आणि उत्तर असतं मालकांकडे. मालक मात्र बोलत नाहीत.

जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया विणणाऱ्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. पूर्वी आठवड्याला सहा दिवस काम असे. त्याचे पाच झाले, मग चार. हे चार कोणते, ते आदल्या रात्री कळतं किंवा कळतच नाही. ग्रुपवर विचारलं तर सुपरवायझर नुसता अंगठा पाठवतो. हा अंगठा 'या' म्हणतो की 'बघू', यावरून आमच्यात दोन तट पडलेत.

कुणी सांगेनासं झालं की माणूस शकुन बघायला लागतो. भेंडवळची घटमांडणी तिकडे जळगाव जामोदकडची, तीही वर्षातून एकदा, आखाजीला. आमच्या जळगावात ती रोज गेटवर होते. चहावाल्यानं किटली लहान आणली तर एकच शिफ्ट. दाण्याच्या गोण्यांचा ट्रक उभा दिसला तर आठवडा बरा जाणार. दाणा वितळवणारं मशीन तापायलाच वेळ खातं, चार गठ्ठ्यांच्या ऑर्डरसाठी ते कुणी लावत नाही. म्हणून शेडकडून वितळल्या प्लास्टिकचा वास आला की आमच्या जिवात जीव येतो. मालकांनी गाडी निंबाच्या सावलीत लावली तर ते थांबणार, उन्हात लावली तर लगेच निघणार. मे महिन्यात या शकुनाइतकं खात्रीचं दुसरं काही नाही.

माझे वडील धुळ्याच्या न्यू प्रताप मिलमध्ये बदली कामगार होते. भोंगा झाला की गेटवर जाऊन उभं राहायचं, कुणाची गैरहजेरी पडली तर आत, नाहीतर घरी. जॉबर तिथंच सांगून टाकायचा, "आज नाही, आप्पा." आप्पा चिडून परत यायचे, पण भाकरी गरम असेपर्यंत यायचे.

या ताटकळण्याचा हिशेब कायद्यातही आहे. वेळेवर हजर झालेल्या कामगाराला दोन तासांत काम दिलं नाही, तर तो 'ले-ऑफ' धरायचा, असं 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात लिहिलं होतं. भरपाई म्हणून मूळ पगार आणि महागाई भत्त्याची निम्मी रक्कम. 2020 च्या नव्या संहितेतही ही भरपाई आहे. मात्र जुन्या कायद्यातली अट मोठी गमतीची : रोज एकदा वेळेवर हजर व्हायचं. म्हणजे काम नसल्याचे पैसे हवे असतील तरी कामावर जायचंच! शिवाय कारखान्यात किमान 50 कामगार हवेत. आम्ही 48. कायदा गेटपर्यंत येतो, डोकी मोजतो आणि परत फिरतो.

परवा मीही तसाच परत फिरलो. डब्यात वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी आणि पातीचा कांदा. घरी पंख्याखाली बसून डबा उघडला. "अहो, ताटात घ्या ना," बायको म्हणाली. मी नको म्हटलं. ताटात घेतलं की सुट्टी झाली. डब्यातच जेवलं तर निदान ड्युटी चालू आहे असं वाटतं. ती काही बोलली नाही. समोर बसली, झाकणात थोडं भरीत काढून घेतलं आणि तीही ड्युटीवर आली.

रिकाम्या दिवसांचे फायदेही असतात. पोरीच्या शाळेत पालकसभेला पहिल्यांदाच गेलो. बाईंनी अदबीनं विचारलं, "आपण कोण?"

तेव्हा मालक, काम कमी असेल तर कमी द्या. दाण्याचा भाव तुमच्या हातात नाही, एवढं स्टोअरमध्ये बसून आम्हालाही कळतं. फक्त उद्या यायचं नसेल तर रात्री नऊच्या आत तसं स्पष्ट शब्दांत कळवा, अंगठा नको. आमच्या घरी पाचचा गजर त्यावर ठरतो, आणि त्या गजराला मी उठत नाही, ती उठते.