जळाऊ लाकडाच्या वखारीतील यंत्रशुश्रूषा : एक मीमांसा

जळाऊ लाकडाच्या वखारीत आजवर जे काही लिहिलं गेलं, ते उधारीच्या वहीत. त्यामुळे तिथल्या यंत्रांच्या देखभालीचं शास्त्र केवळ मौखिक परंपरेने, म्हणजे ओरडून, टिकून राहिलेलं आहे. ते कागदावर आणण्याचा हा अल्प यत्न. प्रतिपाद्य विषय असा की, वखारीतलं यंत्र लाकूड कापून फारसं झिजत नाही. ते झिजतं माणसाने झाडात ठोकलेल्या वस्तूंनी आणि धार लावणाऱ्याच्या सवयीच्या हाताने.

आधी व्याप्ती. पट्टीचा आरा या प्रबंधाबाहेर ठेवला आहे. त्याला वनखात्याचा परवाना लागतो, आणि परवान्याची देखभाल हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. उरतात तीन यंत्रं : पेट्रोलवर चालणारा चेनसॉ, ज्याला सगळे ‘कटर’ म्हणतात; मोटरवर गरगरणाऱ्या टोकदार शंकूचं लाकूड फोडायचं मशीन; आणि वजनकाटा. कुऱ्हाड, घण आणि पाचर यांना यंत्र म्हणावं की नाही, याचा निर्णय शेवटी येईल.

कटरच्या साखळीचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. तिच्या आजच्या दातांची कल्पना १९४६ साली अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याला सुचली. भुंगेऱ्याची अळी लाकूड कशी पोखरते, डावीकडून उजवीकडे तोंड कसं चालवते, हे तो पाहत बसला आणि त्यावरून त्याने दात घडवला. आपल्याकडे अशी अळी दिसली की तिच्यावर औषध मारायची प्रथा असल्याने हा शोध इकडे लागू शकला नाही.

या दाताची धार गेली हे ओळखावं कसं? अजाण माणूस दाताला बोट लावून बघतो. जाणता खाली पडणाऱ्या भुशाकडे बघतो. धार असेल तर चिपट्या उडतात, धार गेली की पीठ पडतं. “मिस्त्री, पीठ पडायला लागलं” हे वाक्य वखारीत नाडीपरीक्षेच्या निदानाइतकं अंतिम समजलं जातं. त्यानंतरही जो कटरवर जोर देऊन लाकूड दाबत राहतो, तो क्लच जाळतो. वर पुन्हा चिंचेचं लाकूडच कठीण होतं, अशी साक्ष देतो. साक्ष अगदीच खोटी नसते. खाटीक ज्या ओंडक्यावर जन्मभर सुरा आपटतो तो चिंचेचाच असतो. पण चिंच पूर्वीही कठीणच होती.

आता वाकड्या कापाचा वाद. सरळ धरलेला कटर ओंडक्यात शिरल्यावर एका अंगाला ओढू लागतो, याबाबत तीन मतं आहेत. पहिलं मत, बार, म्हणजे साखळी जिच्यावरून फिरते ती पट्टी, वाकला. दुसरं, लाकूडच वाकडं. हे मत गिऱ्हाइकासमोर मांडायला सोयीचं आहे. सिद्धांत तिसरा. साखळीला एक दात डावा, एक उजवा असे आळीपाळीने असतात. कानस मारणाऱ्याला एका अंगाचे दात हाताशी येतात आणि दुसऱ्या अंगाचे आडनिडे. सोयीच्या दातांना दोन हात जास्त बसतात, अडचणीच्यांना कमी. काप ओढला जातो तो यामुळे. यावरून असं अनुमान निघतं की, ओंडक्याच्या तोंडाकडे बघून धार लावणारा डावखुरा की उजवा हे सांगता यावं. उपाय सोपा आहे, म्हणूनच तो कोणी करत नाही : सगळ्यांत आखूड दात शोधायचा आणि बाकी साऱ्यांना घासून त्याच्या मापाला आणायचं. समतेचं तत्त्व इतक्या काटेकोरपणे वखारीत दुसरीकडे कुठेही लागू होत नाही. कानशीचा व्यास ४ मिलीमीटर, ४.८ की ५.२ हे शास्त्राने साखळीच्या मापावरून ठरतं. व्यवहारात मात्र दुकानात कोणती शिल्लक आहे, यावरून ठरतं.

परंतु दाताचा खरा शत्रू खिळा. झाड उंच होतं ते शेंड्याकडून. बुंध्यात ठोकलेला खिळा होता त्याच उंचीवर राहतो आणि झाड जाड होत होत त्याला गिळून टाकतं. हे लक्षात आलं की खिळ्याचा भूगोल मांडता येतो. गुडघ्यापासून कमरेपर्यंत बांधाच्या कुंपणाची काटेरी तार. छातीच्या उंचीवर कपडे वाळत घालायच्या दोरीचे खिळे. त्याच्या वर, हात पुरेल तिथपर्यंत, शिकवणीच्या वर्गांच्या पाट्या आणि उमेदवारांचे फलक. त्याहून वर निर्धोक, कारण शिडी आणायचा उत्साह फार थोड्यांना असतो. नवसाचे खिळे कोणत्याही उंचीवर सापडतात. श्रद्धेला माप नसतं.

यात बाभूळ मात्र इमानी. तिच्यात टॅनिन भरपूर. तिच्या सालीने कातडी कमावतात ती त्यामुळेच. हे टॅनिन लोखंडाला भिडलं की काळपट निळा डाग पडतो आणि तो लाकडाच्या रेषेने वरखाली वीतभर पसरतो. टॅनिनचा हिरडा आणि लोखंडाचा हिराकस एकत्र करून पूर्वी शाई करत, ती याच न्यायाने. म्हणजे खिळा आपली नोंद शाईने करून ठेवतो. फक्त ती वाचायला कटर थांबवावा लागतो. बाभळीच्या कापावर निळसर छटा दिसली की शहाणा मिस्त्री तिथेच हात आवरतो, चार बोटं सोडून दुसरीकडे काप घेतो आणि खिळ्याचा तुकडा बाजूला टाकतो. निलगिरीत आणि आंब्यात मात्र आवाजच आधी येतो. त्या आवाजानंतर वखारीत जी भाषा वापरली जाते, तिचा अभ्यास वेगळा करायला हवा.

तेलाचं प्रकरण आटोपशीर आहे. कटरचं इंजिन टू-स्ट्रोक. लिटरभर पेट्रोलला २० मिलीलिटर टू-टी ऑईल घालायचं असतं. ते विसरून नुसतं पेट्रोल ओतलं की पिस्टन जाम. साखळीवर पडणारं ऑईल निराळं, त्याची टाकी निराळी. या टाकीत ट्रॅक्टरचं जळकं ऑईल ओतण्याचा एक जुना संप्रदाय आहे. जळकं ऑईल वाळवीवर चालतं, बिजागरीला चालतं, मग साखळीला का नको, हा त्यांचा युक्तिवाद. त्यातला लोखंडाचा बारीक कीस ऑईल पंपात बसतो आणि युक्तिवाद तिथे संपतो.

फोडायच्या मशीनबद्दल एवढंच : तीन फेजपैकी एक गेला की मोटर नुसती घुमते. अशा वेळी शंकूला हाताने ढकलून ‘चालू करून देणारा’ एक परोपकारी गृहस्थ प्रत्येक वखारीजवळ चहा पीत असतो. त्याला आवरावं. नाहीतर मोटर भरायला टाकावी लागते, आणि त्याचा सदरा शंकूत सापडला तर काय होईल ते न लिहिलेलं बरं.

वजनकाट्याची निगा मात्र आदर्श. पाट्याखाली भुसा दाटला तर थोडा भार त्यावरच पेलला जातो आणि वजन कमी भरतं. म्हणून हा भुसा मालक स्वतः, लगोलग आणि कुणाला न सांगता काढतो.

ठरलेल्या वेळी होणारी सर्वांगीण देखभाल वर्षातून एकदाच : खंडेनवमीला. शास्त्रकारांनी तिथी मोठी अचूक निवडली आहे. पावसाळ्यात बेअरिंग गंजलेलं असतं, भुसा भिजून बारच्या खाचेत चिकटलेला असतो, आणि पुढे लगेच दिवाळीच्या व लग्नांच्या भट्ट्यांची मागणी. कुंकवाचं बोट टेकवायला जागा हवी म्हणून वर्षाचं ग्रीस खरवडलं जातं. हार घालताना बार सैल असल्याचं कळतं, आणि उलटा बसवला तर अजून वर्ष काढेल हेही कळतं. एरवी जे काम सांगून होत नाही ते झेंडूच्या फुलांपुढे आपोआप होतं.

अडचण एकच. त्या दिवशी पूजलेलं हत्यार चालवायचं नाही, आणि स्मशानातून निरोप आला तर नाही म्हणायचं नाही. मोठे ओंडके फोडायचे कशाने? इथे यंत्र कशाला म्हणावं हा सुरुवातीचा प्रश्न निकाली निघतो. कटर, मशीन, काटा आणि कुऱ्हाड ही यंत्रं, म्हणून पाटावर. घण आणि पाचर ही नुसती लोखंडं, म्हणून ती मुद्दाम दाराआड उभी करून ठेवायची आणि त्यांना कुंकू लावायचं राहून जाऊ द्यायचं.