चाबीवाले भाऊ

आमच्या टीममध्ये माणसं पाच आणि चाबी एक. ती चाबी म्हणजे भाऊंचा फोन. पांढुर्ण्यात बसून आम्ही संत्र्याच्या व्यापाऱ्यांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो. सर्व्हरचं खातं पहिल्या दिवशी भाऊंनी उघडलं, क्यूआर त्यांच्याच फोनने टिपला, आणि तेव्हापासून लॉगिन करायचं तर कोडसाठी आधी भाऊंना फोन लावायचा. २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून सुटून पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. आमचं मुख्यालय मात्र भाऊंच्या वरच्या खिशातच राहिलं.

"भाऊ, कोड सांगा न जी."

"थांब. आठच सेकंद उरले. शिळा कोड मी देत नसतो. ताजा येऊ दे."

दर तीस सेकंदांनी कोड बदलतो, पण भाऊंची चाल बदलत नाही. आकडे जोडीजोडीने सांगणार, सावकाश, आणि हिंदीत, कारण शाळा हिंदी: "उनसठ, सैंतीस, नवासी." आमची टेस्टर पोरगी नरखेडची, शाळा मराठी. नवासी म्हणजे एकोणनव्वद हे तिला उमगेपर्यंत कोड शिळा झालेला असतो.

मध्यंतरी ताजे कोडही चालेनात. दोन तास सर्व्हरला शिव्या घातल्यावर उलगडा झाला. नागपूरची गाडी चुकू नये म्हणून भाऊंनी फोनचं घड्याळ पाच मिनिटं पुढे करून ठेवलं होतं! हे कोड कुठून येत नसतात. एकच गुप्त किल्ली आणि घड्याळातली वेळ यांवरून फोन आणि सर्व्हर आपापल्या जागी ते काढतात. म्हणजे भाऊ आम्हाला पाच मिनिटांनंतरचे कोड वाटत होते. "माणसानं पुढचं पाहून चालावं," एवढंच ते बोलले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सर्व्हर बसला. भाऊ जाम नदीच्या काठी, गोटमार पाहायला. मधोमध पळसाच्या झाडावर झेंडा, इकडे पांढुर्णा, तिकडे सावरगाव, वरून गोटे. फोन लावला की एकच उत्तर: "आवाज येऊन नाही रायला!" संध्याकाळी झेंडा निघाला, आमचा कोड काही निघेना.

दुसऱ्या दिवशी मी विषय काढला. तोच क्यूआर आणखी एका फोनने टिपला असता, तर त्यावरही हाच कोड दिसला असता. पण त्याहून बरं म्हणजे ज्याचं खातं त्याला, ज्याचा कोड त्याच्यापाशी. कोणी काय मोडलं तेही कळतं. गिटहबने तिथे प्रोग्राम टाकणाऱ्यांना दुहेरी पडताळणी सक्तीची केली, तेव्हा आम्ही प्रत्येकाने आपापली लावलीच होती. तिथे भाऊंना कोणी विचारत नाही, म्हणून भाऊ तिकडे फिरकतही नाहीत.

"अन् फोन हरवला तर? रिकव्हरी कोड कुठं आहेत?"

"आईच्या पेटीत. हळदीच्या पुडीखाली."

"पेटी उघडी असते?"

"पागल हायेस का? चाबी माझ्यापाशी हाय."

मग जरा थांबून, खालच्या आवाजात: "सगळ्यांले वेगळं देलं, तर मंग मले फोन कोण करन?"

याचं उत्तर कोणापाशीच नव्हतं. तरी आठवड्याभरात पाच खाती झाली, पाच फोनांवर पाच कोड नाचू लागले. भाऊ दिवसभर फोन उलटा-सुलटा करत बसायचे. चार्जिंग संध्याकाळपर्यंत पुरू लागलं, हीच काय ती त्यांची तक्रार.

परवा ऑफिसातल्या नळाची धार बारीक झाली. मोटर चालू करायला गेलो तर स्टार्टरच्या डब्याला नवंकोरं कुलूप. नरखेडच्या पोरीने मुकाट्याने फोन लावला.

"भाऊ, चाबी?"

पलीकडून कित्येक दिवसांनी तो जुना, ठेवणीतला आवाज आला:

"थांब. टाकीत शिळं पाणी असन अजून. ते सरू दे, मंग ताजं देतो."