वाट चुकलेला भटक्या आणि त्याला भेटणारे मालक

पवन मावळ, मुळशी आणि तोरणा-राजगडचा परिसर या टापूंत जूनअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत प्रत्येक रविवारी हमखास आढळणाऱ्या मनुष्यप्रकाराला सोयीसाठी ‘भटक्या’ म्हणण्याची रीत आहे आणि तो स्वतःही अभिमानाने स्वतःला तेच म्हणवून घेतो. शब्दकोशातला भटक्या पोटासाठी फिरतो, हा पोट कमी करण्यासाठी फिरतो, एवढा अर्थभेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढील विवेचनात घोटाळा होणार नाही. पाठीवर पिशवी, गळ्यात शिट्टी, गुडघ्याला पट्टा, खिशात शेंगदाण्याची चिक्की आणि हातात अखंड चमकणारा मोबाइल ही त्याची बाह्यलक्षणे होत. परंतु त्याचे खरे लक्षण असे की, तो वाट कधीही चुकत नाही. तो ‘जरा वेगळ्या वाटेने’ जात असतो, ‘शॉर्टकट बघत’ असतो, किंवा त्याच्या तांड्याचा पुढारी, ज्याला सर्वजण ‘लीडर’ म्हणतात, तो ‘मागे एकदा इथूनच गेलो होतो’ असे सांगून करवंदीच्या जाळीत शिरलेला असतो. आणि या तिन्ही अवस्थांचा शेवट कुणाच्या तरी भातखाचरात होतो.

याचे एक भौगोलिक कारण आहे. सह्याद्रीच्या पदरात, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाट पट्ट्यात, माणसांच्या वाटांपेक्षा ढोरवाटाच अधिक ठळक असतात. ढोरवाट म्हणजे गुरांच्या रोजच्या येण्याजाण्याने मळलेली वाट. ती रुंद असते, स्वच्छ असते, मोठ्या आत्मविश्वासाने निघते आणि पाण्याच्या डबक्यापाशी किंवा चांगल्या गवतापाशी अचानक संपते, कारण गुरांचे तेथे पोहोचणे झालेले असते. गडावर जाण्याची इच्छा गुरांना नसते ही साधी गोष्ट भटक्याच्या लक्षात यायला साधारण पाऊण तास लागतो. तोवर तो कुणाचा तरी गडगा, म्हणजे दगडावर दगड नुसते रचून केलेली भिंत, ओलांडून पलीकडे उतरलेला असतो आणि अशा प्रसंगी मालक प्रकट होतो.

मालकांचे प्रकार अनेक असले तरी शास्त्रीय वर्गीकरणासाठी त्यांचा पहिला प्रश्न पुरेसा आहे. ज्याच्या घराण्याने ती जमीन चार पिढ्या कसली तो लांबूनच विचारतो, “ओ पाव्हणं, कुणीकडनं आला?” ज्याने ती अलीकडे विकत घेतली तो विचारतो, “कोणाला विचारून आत आलात?” पहिल्याला वाटसरूच्या प्रवासाची चौकशी करायची असते, दुसऱ्याला त्याच्या अधिकाराची, आणि सातबारा, म्हणजे जमिनीचा हक्क व पीक नोंदवणारा गावनमुना सात व बारा यांचा एकत्रित उतारा, न पाहताही केवळ या प्रश्नावरून मालकी किती जुनी आहे याचा बिनचूक अंदाज बांधता येतो.

पहिल्या प्रकारच्या मालकाचा संताप समजून घ्यायचा तर जुलै महिन्यातला बांध जवळून पाहावा लागतो. भाताचे खाचर म्हणजे मातीच्या बुटक्या बांधांनी अडवलेले उथळ पाणी, आणि उतारावर अशी खाचरे पायऱ्यांसारखी एकाखाली एक उतरत गेलेली असतात. चिखलणी झाली, बांध ओल्या मातीने लिंपून झाले, रोपे उपटून त्यांची आवणी झाली, आणि कमरेचा काटा ढिला झालेले घर दोन घास खायला झाडाखाली बसले, की नेमक्या त्या वेळी बारा जोडी बूट एका रांगेत बांधावरून येतात. पहिल्याच्या बुटाच्या खोल नक्षीने ओल्या मातीत बोटभर चर पडतो, पाचव्याच्या वजनाने तो वितभर होतो, आणि बाराव्याने ‘सांभाळून रे, इथे घसरडं आहे’ असे म्हणेपर्यंत वरच्या खाचराचे पाणी, त्यात टाकलेल्या खतासह, खालच्या खाचरात उतरू लागलेले असते. खालचे खाचर बहुधा भावाचे असते. भावाला फुकट गेलेले खत हे दुःख कोणत्या मापाने मोजावे याची तरतूद महसूल खात्याकडे नाही. जमिनीची मात्र आहे. 33 फूट बाय 33 फूट, म्हणजे 1,089 चौरस फुटांचा एक गुंठा, आणि गुंठ्याचे सोळा आणे, म्हणजे आणा साधारण 68 चौरस फुटांचा. दीड फूट रुंदीच्या बांधावरून भटक्या 45 फूट चालला की त्याच्या नावावर एक आण्याचे अतिक्रमण जमा होते. ग्रामीण महाराष्ट्रात एवढ्या क्षेत्रासाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या घरचे पाणी सोडतात, हे रविवारी सकाळी शहरातून निघताना त्याला कुणी सांगितलेले नसते.

शिवाय तो मोबाइलकडे पाहत चालतो, आणि इथे गैरसमजाला खरे पीक येते. बांधावरून यंत्र हातात धरून चालणारा, मध्येच थांबून दिशा तपासणारा आणि ‘हद्द’, ‘पॉइंट’, ‘अजून तीनशे मीटर’ असे शब्द उच्चारणारा अनोळखी इसम हा मालकाच्या अनुभवात एक तर भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणीदार असतो, किंवा जमिनीचा एजंट, किंवा चुलतभावाच्या वकिलाने धाडलेला माणूस. शेतरस्त्याच्या तंट्याचा इतिहास मोठा आहे: अडवलेला वहिवाटीचा रस्ता खुला करून मिळावा म्हणून 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली दावे चालतात, बांधावरून शेतात जाण्याच्या हक्कासाठी 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदाराकडे अर्ज होतात, आणि ‘वहिवाट’, म्हणजे दीर्घ वापराने पडलेला प्रघात, हा शब्द ऐकताच गावातल्या कोणत्याही शहाण्या माणसाचे कान टवकारतात. 1882 च्या सुविधाधिकार अधिनियमाप्रमाणे अखंड वीस वर्षे उघडपणे वापरलेल्या वाटेवर हक्क सांगता येतो. भटक्या फक्त पावसाळी रविवारी येतो, त्यातही भारताचा क्रिकेट सामना नसेल तर, तेव्हा त्याच्याकडून असा हक्क प्रस्थापित होण्याचा धोका कमीच. तरीही “आज बारा आले, उद्या बस येईल” हे मालकाचे म्हणणे अगदीच निराधार नाही, कारण बस खरोखरच येते.

प्रत्यक्ष संवाद भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने अवश्य ऐकावा असा असतो. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक पुरुषाला ‘मामा’ आणि स्त्रीला ‘मावशी’ म्हणण्याची भटक्याची पद्धत असून, संकटकाळी तो मामाच्या बोलीचाही आश्रय घेतो. “मामा, हितनं तिकोन्याला वाट हाय न्हवं?” असे तो चित्रपटांतून शिकलेल्या ग्रामीण मराठीत विचारतो, आणि मामा, ज्याचा मुलगा तळेगावच्या कारखान्यात अभियंता आहे, शांतपणे उत्तर देतो, “तिकोन्याची वाट ग्रामपंचायतीच्या फलकापासून डावीकडे जाते. आपण तो फलक वाचलेला दिसत नाही.” दोघेही परस्परांच्या भाषेत शिरून परस्परांना अडवतात, आणि त्या शर्यतीत मामाच जिंकतो.

दुसऱ्या प्रकारचा मालक सहसा स्वतः भेटत नाही, त्याचे फलक भेटतात. ‘खाजगी मालमत्ता, प्रवेश निषिद्ध’, ‘कुत्र्यापासून सावध’, ‘आपण कॅमेऱ्याच्या निगराणीत आहात’, आणि या सर्वांहून बोलका असा ‘ही जागा विकणे नाही’, ज्यावरून ती कुणीतरी एकदा परस्पर विकली असावी असा तर्क करण्यास जागा राहते. तारेच्या कुंपणाआड वीस गुंठे, त्यात एक बंगली, आंब्याची सात कलमे आणि पाण्याविना निळी राहिलेली एक टाकी असा हा संसार असतो. 1948 च्या कूळकायद्याच्या कलम 63 नुसार शेतजमीन सामान्यतः शेतकऱ्यालाच विकता येते. त्यामुळे वातानुकूलित गाडीतून उतरणारा हा गृहस्थ कागदोपत्री शेतकरीच असतो, आणि तसे तो पहिल्या दोन मिनिटांत सांगतो. त्याचे शेवटचे अस्त्र म्हणजे पोलीस. वस्तुतः भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 मध्ये फौजदारी अतिक्रमणासाठी गुन्हा करण्याचा किंवा धाक, अपमान वा त्रास देण्याचा हेतू आवश्यक मानला आहे, आणि चिक्की खात वाट शोधणाऱ्याच्या ठिकाणी हेतू नावाची वस्तू शोधूनही सापडत नाही. पण ‘जा’ म्हटल्यावरही तिथेच उभे राहून भटक्या “ही महाराजांच्या काळातली वाट आहे” असे ऐतिहासिक व्याख्यान देऊ लागला, म्हणजे त्रास देण्याच्या हेतूचा पुरावा तो आपण होऊन तयार करतो. विशेष गंमत अशी की, मालक विशीत स्वतःही भटक्याच होता आणि ही जागा त्याने अशाच एका चुकलेल्या वाटेवर प्रथम पाहिली होती.

इंग्लंडमध्ये हाच तंटा राजकीय झाला. 24 एप्रिल 1932 रोजी डर्बीशायरमधील किंडर स्काउट या पठारावर शेकडो तरुण श्रमिक शिकारीसाठी राखलेल्या जमिनीत जाणूनबुजून शिरले, रखवालदारांशी त्यांची झटापट झाली, पाच जणांना कारावास घडला, आणि पुढे 2000 साली मोकळ्या डोंगराळ भूमीवर पायी हिंडण्याचा हक्क तेथे कायद्यात आला. सह्याद्रीत अशी चळवळ झाली नाही, कारण येथे ती लागत नव्हती. गो. नी. दांडेकरांसारख्यांनी गडकोटांच्या भटकंतीला मराठी मनात प्रतिष्ठा मिळवून दिली त्या काळात फिरणाऱ्याजवळ विचारण्यासाठी माणसाखेरीज काही नव्हते. तो गावात शिरे, ओट्यावर टेकून पाणी मागे, वाट विचारी. आणि वाट विचारणे हीच परवानगी मागण्याची रीत होती, फक्त ती तशी कुणाला जाणवत नसे. ज्याला वाट विचारली तो मालक असला तरी वाटाड्या होऊन दोन शेते पुढे सोडायला येई. आता कुण्या अज्ञाताने कुंपण पडण्यापूर्वी नोंदवून ठेवलेली ठिपक्यांची रेघ मोबाइलवर उतरवून घेता येते, गाव वगळून थेट डोंगराला भिडता येते, आणि त्यामुळे गावातल्या माणसाशी होणारी पहिली भेट हीच भांडणाची भेट ठरते. मालकाला जमीन तुडवल्याचा राग येतो तेवढाच, किंबहुना त्याहून जास्त, आपल्याला काही विचारलेच नाही याचा येतो.

तारेच्या कुंपणाआडच्या भांडणाची तड मात्र बहुधा रखवालदार लावतो. दूरध्वनीवर मालकाचे ओरडणे पुरते ऐकून घेतल्यावर, “हो साहेब, काढतो बाहेर,” असे म्हणून तो भटक्यांना फाटकाकडे न नेता मागच्या बाजूला नेतो, करवंदीआडची एक काटेरी फांदी बाजूला सारतो आणि सोंडेवर चढणारी जुनी वाट दाखवतो. ही फट त्याने स्वतःच्या दोन म्हशींसाठी ठेवलेली असते, आणि ती वाट त्याला ठाऊक असते, कारण हे वीस गुंठे पूर्वी त्याच्याच बापाच्या नावावर होते.

या फटीतून बाहेर पडण्याचा योग आलेल्या वाचकाने शेवटच्या माणसाकरवी ती काटेरी फांदी पुन्हा जागेवर ओढून घ्यावी. रात्री तिथून रानडुकरे आत शिरतात आणि आंब्याच्या कलमांचा जाब सकाळी रखवालदाराला द्यावा लागतो.