कागलकराचे कझानमधील पहिले वर्ष : पूर्वतयारी, आचार आणि फोन

कझान हे व्होल्गाकाठचे, रशियातील तातारस्तान प्रजासत्ताकाच्या राजधानीचे शहर असून तातार भाषेत या शब्दाचा अर्थ मोठी कढई असा होतो. गुऱ्हाळ पाहिलेल्या वाचकास ‘काहील’ एवढे सांगितले की पुरे. डॉक्टर होण्यासाठी कागलहून तेथे जाणाऱ्या विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम साधारण सहा वर्षांचा असतो, परंतु पहिले वर्ष निभावले की उरलेली पाच आपोआप निघतात अशी घरच्यांची ठाम समजूत असल्याने प्रस्तुत विवेचनही तेवढ्यापुरतेच आहे. राजकारणाचे विद्यापीठ ही कागलची जुनी ख्याती लक्षात घेता विद्यार्थ्याचे हे दुसरे विद्यापीठ ठरते. प्रवेशअर्जात मात्र पहिल्याचा उल्लेख करण्यास रकाना नसतो.

पूर्वतयारीचा आरंभ कोल्हापुरातील स्वेटरखरेदीने होतो आणि तेथेच पहिली चूक घडते. कझानमध्ये जानेवारीत उणे दहा ही नित्याची बाब आहे व थंडीच्या लाटेत पारा उणे पंचवीसच्याही खाली जातो, हे खरे; पण ही थंडी रस्त्यावरची होय. वसतिगृह आणि वर्ग गरम पाण्याच्या नळांनी इतके तापवलेले असतात की लोकरीच्या तीन थरांत बसलेला विद्यार्थी शरीररचनाशास्त्राच्या तासाला घामाने निथळतो. म्हणून आत पातळ कपडे, वर एकच जाड कोट, आणि बूट तिकडेच घ्यावेत, कारण येथील बुटाचा तळ बर्फावर साबणासारखा वागतो. कोटाबाबत एक सूक्ष्म पण निर्णायक बाब अशी की, प्रत्येक इमारतीच्या दाराशी ‘गार्देरोब’, म्हणजे कोट जमा करण्याची खिडकी असते, तीमागे बहुधा एक वयस्क बाई बसलेल्या असतात, आणि कॉलरच्या आत खुंटीला अडकवण्याचा छोटा बंद नसलेला कोट पुढे आला की त्या कोटाच्या मालकाचे संस्कार काढतात. भाषा कळत नसली तरी आशय कळतो, कारण तो स्वर कागलातल्या कोणत्याही आजीचा असतो. आईने चटणीचा चौथा डबा भरण्याऐवजी तो बंद दुहेरी दोऱ्याने शिवून द्यावा. (आई दोन्ही करते.)

आहाराविषयी थोडक्यात सांगायचे तर बोर्श्च या सूपाचा तांबडा रंग बिटाचा असतो, तो पाहून आशा बाळगू नये. ‘ग्रेच्का’, म्हणजे बकव्हीटच्या उकडलेल्या दाण्यांवर कांदा-लसूण चटणी घातल्यास पोट भरते आणि डोळ्यांतून पाणीही येते. त्याचे कारण चटणी होय असे खोलीतल्या मित्रांना सांगावे.

लिपी प्रथम फसवते. इंग्रजी ‘पी’सारखे दिसणारे अक्षर ‘र’, ‘सी’सारखे ‘स’ आणि ‘एच’सारखे ‘न’ असल्याने ‘रेस्तोरान’ ही पाटी नवखा विद्यार्थी ‘पेक्टोपाह’ अशी वाचतो व उपाशी पुढे जातो. भाषा मात्र तितकी परकी नाही : अग्नीला ‘अगोन’, दाराला ‘द्वेर’ आणि दिराला ‘देवेर’ म्हणणाऱ्यांशी सोयरीक जुनी असली पाहिजे. प्राध्यापकांना तेथे सर वा मॅडम म्हणत नाहीत, नाव आणि वडिलांचे नाव जोडून हाक मारतात. इरीना पेत्रोव्ना म्हणजे प्योत्रची मुलगी इरीना. मधल्या जागी बापाचे नाव जन्मभर बाळगणाऱ्या मराठी माणसाला ही पद्धत समजावून द्यावी लागत नाही. शिकवणे इंग्रजीत असले तरी पुढे रुग्णालयातील रुग्ण रशियनमध्येच कण्हतो, त्यामुळे ‘श्तो बोलीत?’, म्हणजे ‘काय दुखतंय?’, हे वाक्य पहिल्याच वर्षी पाठ करावे. ज्ञानेश्वरांच्या भाषेत जे बोलीत असते ते रशियनमध्ये दुखते, हा योगायोग होय.

उपस्थितीच्या बाबतीत कागलचा अनुभव उपयोगी पडत नाही. बुडवलेला प्रत्येक प्रात्यक्षिक तास नंतर भरून द्यावा लागतो, या प्रकारास ‘ओत्राबोत्का’ म्हणतात, आणि तो साठत गेला की पतसंस्थेच्या व्याजासारखा वाढतो. येथे कझान विद्यापीठाचा इतिहास सांगणे क्रमप्राप्त आहे : १८०४ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात तोल्स्तोय १८४४ मध्ये दाखल झाला व १८४७ मध्ये पदवी न घेता निघून गेला, तर लेनिनला १८८७ मध्ये, प्रवेश घेतला त्याच वर्षी, विद्यार्थ्यांच्या निषेधसभेत भाग घेतल्यावरून काढून टाकण्यात आले, त्याचा तरुणपणीचा पुतळा आज मुख्य इमारतीसमोर उभा आहे. ही माहिती घरी कळवू नये. पदवी न घेता पुतळा होतो हे एकदा कागलात समजले, तर फीचा पुढचा हप्ता उसाच्या बिलातून निघणे कठीण.

पैशांविषयी : मार्च २०२२ पासून भारतात काढलेली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डे रशियात चालत नाहीत, म्हणून तेथील बँकेत खाते लवकर उघडावे. लष्करात मदतनिसाचे काम व मोठा पगार देऊ करणाऱ्या माणसाशी बोलू नये. या नियमाला विनोदी भाष्य जोडलेले नाही.

आता मुख्य विषय, म्हणजे फोन. कझानचे घड्याळ कागलच्या अडीच तास मागे असते आणि रशियाने उन्हाळी-हिवाळी वेळेचा खटाटोप सोडून दिल्याने हे अंतर बारमाही तेवढेच राहते. तरीही वडील डेअरीला दूध घालून आले की साडेसहाला फोन लावतात, तेव्हा तिकडे पहाटेचे चार वाजलेले असतात. संभाषणाचा साचा ठरलेला असतो : ‘जेवलास काय?’, त्यानंतर ‘किती मायनस हाय रं?’, आणि उत्तर मिळताच ‘बरं, ठेव’. मधला प्रश्न चौकशीचा नसून माहितीसंकलनाचा असतो, कारण तो आकडा अर्ध्या तासात गैबी चौकातल्या चहाच्या टपरीवर पोहोचवायचा असतो आणि वाटेत त्याला आणखी पाचेक अंश थंडी पडते. ऑगस्ट २०२५ मध्ये रशियाच्या सरकारी यंत्रणेने व्हॉट्सॲप व टेलिग्रामवरील कॉलवर निर्बंध आणले, तेव्हा अनेक विद्यार्थ्यांना पहाटेची झोप मिळाली असणार. पण ती फार दिवस गोड लागत नाही. साडेसहाचा फोन न आलेल्या दिवशी विद्यार्थी चार वाजता आपसूक जागा होतो, खिडकीबाहेरचा पिवळा दिवा आणि त्याखाली पडणारे बर्फ पाहत राहतो, आणि कधी नव्हे तो स्वतःहून हवामान बघतो.

अखेरचा नियम जून महिन्याचा. त्या सुमारास व्होल्गाकाठी लोक उन्हात पहुडलेले असतात, पारा कधी कधी तिशीलाही टेकतो, आणि इकडे मृगाच्या सरींनी कागलात गारवा आलेला असतो. वडील कानटोपी घालून नेहमीचाच प्रश्न विचारतात. अशा वेळी ‘आज जरा कमी हाय, पप्पा’ एवढेच सांगावे.