फळ्यावर मावेल तेवढं

आमच्या शाळेचं मासिक बातमीपत्र छापत नाहीत, पोस्टानं पाठवत नाहीत आणि त्याला वर्गणीही नाही. फाटकातून आत गेलं की डाव्या हाताच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यावर खडूनं बातम्या लिहायच्या. पावसाळ्यात त्या तीन तारखेपर्यंत टिकतात. एरवी पोरं पुसतील तोवर. लिहितो मी. अक्षर बरं आहे आणि पेन्शन सुरू आहे, एवढ्या दोन पात्रतांवर मोठ्या बाईंनी मला धरलं. मी का कू करायला लागल्यावर त्यांनी साने गुरुजींना मध्ये घातलं. गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात हातानं लिहून दैनिक काढायचे, तुम्हाला साधं मासिक जमत नाही होय?

पण गुरुजींना अंड्याच्या बातम्या लिहाव्या लागत नव्हत्या.

संकेश्वरातल्या सरकारी मराठी शाळेत अंडं ही पहिल्या ओळीची बातमी. 2022 साली कर्नाटक सरकारनं पहिली ते आठवीच्या पोरांना दुपारच्या बिसियूटाबरोबर, म्हणजे गरम जेवणाबरोबर, राज्यभर अंडं द्यायला घेतलं. न खाणाऱ्याला केळं किंवा चिक्की. 2024 मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशननं पदरचे पैसे घातले आणि आठवड्याचे सहाही दिवस अंड्याचे झाले. एका अंड्याला 6 रुपये मंजूर. त्यात अंडं आलं, उकडायचं जळण आलं आणि सोलायची मजुरीही आली. सोलायचे 30 पैसे. एवढा बारकाईचा हिशोब मांडणारा माणूस विधानसौधात कुठल्या मजल्यावर बसतो, त्याला एकदा लांबून तरी बघायचंय.

वर्षाच्या सुरुवातीला घरोघरी विचारून यादी होते. हा अंडेवाला, हा केळेवाला. यादी पालकांच्या सहीची असते, तोंड मात्र पोराचं असतं. दुपारच्या सुटीत पंगतीत बसल्या बसल्या केळी आणि अंडी अशा सफाईनं जागा बदलतात की वाढणाऱ्या अक्काही मान दुसरीकडं वळवतात. एक आजी मला रोज फाटकात गाठायच्या.

"काय ओ, आमचा बाळू केळंच खातोय न्हवं?"

"खातोय की आजी."

खोटं नव्हतं. तो केळंही खात होता.

श्रावण लागला की यादी रातोरात उलटी होते. आदल्या दिवशीपर्यंत अंड्यासाठी मारामाऱ्या करणारे सगळे वीर केळ्याच्या रांगेत हात जोडल्यासारखे उभे. बाजारातला केळीवाला पंचांग न बघता सांगतो, "मास्तर, श्रावण आला वाटतं." गणपती गेले की गाडी पुन्हा रुळावर.

दूध त्या मानानं शांत. क्षीर भाग्य योजना 1 ऑगस्ट 2013 ला आली, 150 मिलीचा पेला ठरला, पोरांनी आठ दिवस कौतुक केलं आणि मग सवय झाली. खळबळ उडाली ती 2024 मध्ये दुधात रागी माल्ट आल्यावर. रागी म्हणजे नाचणी, आणि नाचणीची आंबील आमच्याकडं बाळंतिणीला नाहीतर आजाऱ्याला. दुसऱ्याच दिवशी एक बाप मोटरसायकल फाटकात आडवी लावून वर्गात शिरला. "पोराला काय झालंय ते आधी सांगा. आंबील कशाला पाजालाय?" बाईंनी त्यालाच अर्धा पेला पाजला. आता तो सकाळी पोराला सोडायला येतो आणि उगीच रेंगाळतो.

पण फळ्यावरची सगळ्यात अवघड बातमी सुट्यांची. संकेश्वर 1956 सालच्या 1 नोव्हेंबरला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, 1973 ला त्या राज्याचं कर्नाटक झालं. महाजन आयोग येऊन गेला, 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. मोठी माणसं नकाशे पसरून भांडतात. सीमाप्रश्नाचा खरा चटका बसतो तो चौथीतल्या पोराला, कारण त्याचा मामा गडहिंग्लजला असतो.

गडहिंग्लज इथून अर्ध्या तासाचं. पण मधल्या रस्त्यावर कॅलेंडर बदलतं. आमच्या शाळा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुटतात. पोर पिशवी भरून मामाकडं पळतं, तर मामाची पोरं परीक्षेला बसलेली. मामी म्हणते, "बाळा, दंगा करू नको, दादाचा पेपर आहे." पोर तीन आठवडे गुपचूप पाहुणचार खातं. मेमध्ये कुठं सगळी एकत्र येतात, आंबे उतरतात, तोवर मे सरता सरता आमची शाळा भरते. तिकडची जूनच्या मध्यावर. मग मामाची पोरं संकेश्वरला राहायला येतात आणि ज्याच्याबरोबर खेळायला आली तोच दप्तर घेऊन चाललेला. एकटी घरी काय करणार? तीही शाळेत येऊन बसतात. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आमचा पट कमी आणि हजेरी जास्त असा चमत्कार होतो. एकदा नेमके तेव्हाच आमच्या क्लस्टरचे सीआरपी साहेब तपासणीला आले. मोजून बघतात तर वर्गात डोकी जास्त. बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, जास्तीची महाराष्ट्र सरकारची आहेत."

दसरा-दिवाळीचंही तेच. आमची मोठी सुटी दसऱ्याची, म्हैसूरचा दसरा ना! तिकडची दिवाळीची. आमच्याकडं दिवाळीला दोन-चार दिवस मिळतात, त्यातला एक अभ्यंगस्नानात आणि एक फटाके मोजण्यात जातो. मामाची पोरं मात्र किल्ला करून, त्यावर मावळे मांडून, आळीव पेरून निवांत. आमची पोरं त्यांचा किल्ला मोबाइलवर बघतात.

फक्त 2025 साली देव पावला. राज्य सरकारनं सामाजिक आणि शैक्षणिक सर्वेक्षण काढलं, शिक्षकांना घरोघर प्रश्न विचारत फिरायला लावलं आणि काम आटपेना म्हणून दसऱ्याची सुटी 18 ऑक्टोबरपर्यंत लांबवली. 20 तारखेला नरक चतुर्दशी. म्हणजे दसरा थेट दिवाळीला जाऊन भिडला! इकडं बाई उन्हातान्हात दारं ठोठावत होत्या, आणि तिकडं पोरं गडहिंग्लजला चिखल तुडवत किल्ला बांधत होती. सर्वेक्षणावर राज्यात एवढं रण पेटलं, पण आमच्या शाळेतल्या पोरांचं मत विचाराल तर ते दरवर्षी व्हावं.

बेंदराचं वेगळंच. कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठी पौर्णिमेला, कोल्हापूरकडचा आषाढात. घरात बैल असलेली पोरं पहिल्याला हक्कानं गैरहजर राहतात आणि दुसऱ्याला "पाव्हण्यांच्यात बेंदूर आहे" म्हणून. बाई म्हणाल्या, "अरे, बैल तुझा की पाव्हण्यांचा?" दोन सरकारं, दोन बेंदूर. बैल बिचारा एकच, आणि तोही आता बऱ्याच घरांत ट्रॅक्टर झालाय. ट्रॅक्टरच्या शिंगांना रंग कुठं द्यायचा, असला प्रश्न आमच्याकडं कुणाला पडत नाही. बॉनेट रंगवतात.

11 जून 2023 पासून गैरहजेरीच्या बातम्यांना नवं चाक मिळालं. शक्ती योजना आली, सरकारी बसमधून बायकांना फुकट प्रवास. तेव्हापासून पौर्णिमा आली की अर्धा वर्ग सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर. आई फुकट, आजी फुकट, बहीण फुकट. पैसे पडतात ते फक्त पोराच्या तिकिटाला, तेही अर्धे. त्यामुळं सगळ्या घरादारात कंडक्टर ज्याला "किती?" म्हणून विचारतो असा तो एकटाच. दुसऱ्या दिवशी तिकीट वहीत चिकटवून पोर वर्गभर मिरवतं. पोरींना याचा संताप येतो. एका दुसरीतल्या मुलीनं बाईंकडं तक्रार केली, "मला शून्याचं तिकीट देत्यात. मी काय मोजत न्हाई होय?" ही बातमी मी फळ्यावर लिहिली होती. बाईंनी पुसायला लावली, म्हणाल्या, वर कळलं तर योजनेवर टीका केली म्हणतील.

वर म्हणजे हुक्केरी. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या, म्हणजे बीईओंच्या कचेरीत. तिथं दर महिन्याला शाळेचा अहवाल जातो, कन्नडमधून, आणि तो लिहितात आमच्या कन्नडच्या टीचर. त्या बागलकोटकडच्या. आल्या तेव्हा मराठीत "बसा" आणि "गप्प" एवढंच यायचं. प्राथमिक शाळेत त्यावर बरेच दिवस निघतात. आता तर त्या पोरांना आमच्या ठसक्यात "खरं काय कराचं मग?" म्हणून झापतात. तर एकाच घटनेचा अहवाल त्या कन्नडमध्ये लिहितात आणि मी मराठीत, आणि दोन्ही शेजारी ठेवले तर दोन शाळा वाटाव्यात. त्यांचा अहवाल: वृक्षारोपण यशस्वीपणे पार पडलं, मान्यवर उपस्थित होते. माझा फळा: रोपं दहाला आणली, मान्यवर साडेअकराला आले, तोवर दोन रोपं शेळीनं खाल्ली, शेळी कुणाची ते सगळ्यांना ठाऊक आहे. टीचर म्हणतात, "सर, तुमचं वाचून लोक हसतात." मी म्हणतो, तुमचं वाचतो कोण?

प्रतिभा कारंजी ही शाळांची स्पर्धा झाली त्या महिन्यात आम्ही दोघंही एकाच बातमीवर आलो. कन्नड कंठपाठात पहिली आली ती आमची, घरी कन्नडचा गंध नसलेली पोर. आणि मराठी गोष्ट सांगण्यात बाजी मारली टीचरांच्या स्वतःच्या लेकीनं. दोन्ही घरांत त्या रात्री आनंद झाला की काळजी, ते विचारायला मी गेलो नाही.

1 नोव्हेंबरची बातमी मात्र मी चाळीस शब्दांच्या वर कधी जाऊ देत नाही. त्या दिवशी शाळेत राज्योत्सव. तांबडे-पिवळे झेंडे, भुवनेश्वरीची तसबीर, पोरी नटूनथटून कन्नड गाण्यांवर नाचतात आणि झकास नाचतात. त्याच दिवशी तिकडं बेळगावात मराठी माणसांचा काळा दिन. आमच्या ओळखीच्या एका घरातले आजोबा सकाळच्या बसनं काळी फीत खिशात घालून जायचे, आणि जाण्याआधी नातीच्या वेणीत तांबडी-पिवळी रिबीन नीट बसली की नाही ते बघून जायचे. संध्याकाळी परत आले की पहिला प्रश्न, "नाचताना चुकलीस काय गं?" फळ्यावर मी लिहितो: कार्यक्रम उत्साहात पार पडला. कुठला, ते ज्यानं त्यानं समजावं.

नोव्हेंबरपासून गावाचा वासच बदलतो. कारखान्याचा गळीत हंगाम लागतो, उसाच्या ट्रॉल्या रांगेत उभ्या राहतात आणि मधल्या सुटीनंतर दप्तरांतून कांडी डोकावायला लागतात. ऊसतोडीला आलेल्यांची पोरं वर्गात येऊन बसतात. हंगाम संपला की एका सकाळी नसतातच. त्यांच्या जाण्याची बातमी मला कधी लिहिता आली नाही, कारण जाताना कुणी सांगत नाही. मग मिरचीचे दिवस. संकेश्वरी मिरचीचं नाव लांबवर आहे, पण लिलावाच्या दिवशी वारं शाळेकडचं असलं तर सकाळच्या परिपाठात कुवेंपूंच्या नाडगीताच्या प्रत्येक कडव्याला दहा-बारा शिंका मिळतात. नवीन आलेल्या सरांना वाटलं साथ आली. सुटी द्यायला निघाले होते.

आता कारभाराचं. आमच्याकडं एसडीएमसी आहे, शाळेचा विकास आणि देखरेख यांची समिती. सभासदांत निम्म्या बायका हव्यात असा शिक्षणहक्काच्या कायद्यातच नियम. त्या आहेतही. पण बैठक भरते दुपारी चारला, तेव्हा गिरणीची वीज येते, नळाला पाणी येतं आणि म्हशीच्या धारेची वेळ जवळ आलेली असते. त्यामुळं बायकांच्या वतीनं नवरे येतात, चहा पितात आणि "घरात विचारून सांगतो" म्हणून उठतात. असे दोन-तीन ठराव विचारायला म्हणून घरी गेले ते अजून परतले नाहीत. एकदा बाईंनी बैठक फाटकातच घेतली, शाळा सुटायच्या वेळी. उभ्या उभ्या, पोरांच्या पाठीवरची दप्तरं काढून घेता घेता, बायकांनी सांडपाण्याची मोरी, मागच्या भिंतीचं भगदाड आणि पाण्याच्या टाकीचं झाकण हे तीन विषय दहा मिनिटांत निकालात काढले. पुरुषांनी हरकत घेतली की इतिवृत्तात चहाचा उल्लेख नाही.

गेल्या महिन्यात फळा लिहीत असताना केळेवाल्या बाळूच्या आजी मागं येऊन उभ्या राहिल्या. वाचता येत नाही, पण ओळी मोजता येतात.

"आमच्या बाळ्याचं नाव हाय काय ह्यात?"

"नाही ओ आजी. त्यानं काय केलंय?"

"काय केलंय म्हंजे? रोज येतोय की! पावसाला बी आला. पाय मुरगाळला तवा बी आला, माझ्या पाठीवर."

बाई हजेरीपत्रक बघून आल्या. खरं होतं. मी रोपांच्या बातमीतली शेळी पुसली आणि तिथं बाळूचं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकात सहा आज्या आणि दोन आजोबा. त्यांचीही पोरं रोज येतात. तिसऱ्या दिवशी शेळीचा मालक आला. त्याचंही पोर रोज येतं, आणि शिवाय शेळीचं नाव का काढलं, ती प्रसिद्ध झाली होती, असं त्याचं म्हणणं.

एसडीएमसीच्या पुढच्या बैठकीत दुसऱ्या फळ्याचा विषय घेतलाय. गणपूर्ती झाली तर.